हिशेब गाडीचा नाही, प्लगचा

गाडी घ्यायची म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो: ॲव्हरेज किती देते? इलेक्ट्रिक गाडीलाही आपण तेच विचारतो, फक्त ‘एका चार्जिंगमध्ये किती जाते?’ अशा शब्दांत. शोरूममधून उत्तर मिळतं, आपण त्याची पेट्रोलच्या भावाशी गाठ घालतो आणि महिन्याला अमुक हजार वाचणार असं मनाशी ठरवून मोकळे होतो. या हिशेबात सगळ्यात मोठा आकडाच गाळलेला असतो. पेट्रोलचा भाव शहरातल्या सगळ्या पंपांवर जवळपास एकच असतो. विजेचं तसं नाही. ती कुठल्या मीटरवरून घेतली त्यानुसार तोच युनिट नऊ-दहा रुपयांना पडतो किंवा बावीस रुपयांना. म्हणून इलेक्ट्रिक गाडी परवडते की नाही, याचा निकाल गाडीच्या रेंजपेक्षा दोन साध्या गोष्टींवर लागतो: ती रात्री कुठल्या प्लगला लागते आणि महिन्यात किती पळते.

आधी गाडीचा गुण मोकळेपणाने मान्य करू, कारण तो खरा आहे. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण नऊ युनिट एवढी ऊर्जा असते. कॉम्पॅक्ट एसयूव्ही शहरात लिटरला पंधरा किलोमीटर देत असेल, तर ती किलोमीटरमागे 0.6 युनिट खाते. त्याच आकाराची इलेक्ट्रिक गाडी बॅटरीतल्या एका युनिटवर सातेक किलोमीटर जाते, म्हणजे किलोमीटरला 0.14 युनिट. चार्जिंगमधली दहाएक टक्के गळती धरली तरी आकडा 0.16 च्या पुढे जात नाही. चौपट फरक पडतो तो इंजिनामुळे. पेट्रोलचं इंजिन इंधनातली पाऊण ऊर्जा उष्णता म्हणून रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर टाकतं, सिग्नलला उभं असतानाही जळत राहतं, आणि ब्रेक दाबला की कमावलेला वेग लायनिंगमध्ये जिरवून टाकतं. इलेक्ट्रिक मोटर उभी असताना काही खात नाही आणि वेग कमी करताना जनरेटरसारखी चालून थोडी वीज बॅटरीत परत भरते. म्हणूनच इथे जुना अनुभव उलटा पडतो. पेट्रोलची गाडी हायवेला जास्त ॲव्हरेज देते, इलेक्ट्रिक गाडी शहरातल्या ट्रॅफिकमध्ये.

जाहिरातीतली रेंज आणि रस्त्यावरची रेंज यांत तफावत पडते, तीही काही लबाडीमुळे नव्हे. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर चढवून ठरावीक वेगाच्या आराखड्यानुसार चालवली जाते. त्यात घाट नसतो, खड्डे नसतात आणि मागच्या सीटवर तीन माणसं नसतात. 2020 साली आलेल्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीची बॅटरी 30.2 युनिटची आणि प्रमाणित रेंज 312 किलोमीटर होती, म्हणजे युनिटला दहा किलोमीटरपेक्षा जास्त. प्रत्यक्षात युनिटला सातच धरले तर दोनशेदहा होतात, आणि रोजच्या वापरातला आकडा याच्याच आसपास राहतो. वेगाचा परिणाम तर फारच मोठा. ताशी 70 वरून 100 वर गेलं की हवेचा विरोध दुप्पट होतो. बोरघाटाचं उदाहरण घ्या. खोपोलीहून लोणावळ्याला जाताना गाडी साधारण साडेपाचशे मीटर वर चढते. माणसांसकट सोळाशे किलोचं वजन एवढ्या उंचीवर न्यायलाच सुमारे 2.4 युनिट लागतात, रस्ता कापायला लागतात ते वेगळे. वर पोहोचेपर्यंत चालकाला धडकी भरते. पण परतीच्या उतारावर त्यातली निम्मी-अधिक वीज बॅटरीत परत येते. पेट्रोलची गाडी हीच ऊर्जा ब्रेक तापवण्यात घालवते.

आता प्लगकडे वळू. चार्जिंगचे ढोबळ तीन प्रकार आहेत. पहिला म्हणजे गीझर किंवा एसीसाठी असतो तसला 15-16 अँपिअरचा साधा पॉइंट. तासाला तीनेक युनिट मिळतात, म्हणजे रात्रीच्या दहा तासांत जवळजवळ तीस, आणि दुसऱ्या दिवशी दोनशे किलोमीटरची सोय होते. शहरातली गाडी रोज तीस-चाळीस किलोमीटर फिरत असेल, तर हा पॉइंट दोन तासांत दिवसाची वीज भरून काढतो. मात्र अर्थिंग नीट हवं, वायर जाड हवी, आणि एक्स्टेन्शन बोर्डाचा जुगाड अजिबात नको. दुसरा प्रकार भिंतीवरचा 7.2 किलोवॉटचा चार्जर. तो चार-पाच तासांत बॅटरी भरतो, पण त्यासाठी मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. तिसरा म्हणजे हायवेवरचा किंवा मॉलमधला डीसी फास्ट चार्जर. पहिल्या दोन प्रकारांत एसी विजेचं डीसीत रूपांतर गाडीतला छोटा चार्जर करतो, म्हणून वेळ लागतो. तिसऱ्यात ते काम बाहेरचं मोठं यंत्र करतं आणि वीज थेट बॅटरीत जाते. 30 किलोवॉटच्या चार्जरवर तीस युनिटची बॅटरी तासाभरात ऐंशी टक्क्यांपर्यंत पोहोचते. त्यापुढे बॅटरीला जपण्यासाठी प्रवाह मुद्दाम कमी केला जातो, म्हणून शेवटच्या वीस टक्क्यांसाठी रांग अडवून बसण्यात ना आपला फायदा, ना मागच्याचा.

या तीन प्लगचे भाव शेजारी-शेजारी ठेवून पाहू. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर बॅटरीत 143 युनिट जायला हवेत आणि घरच्या मीटरवर साधारण 160 पडतील. महावितरणच्या घरगुती दरात स्लॅब आहेत. अलीकडच्या दरांत, वहन आकार धरून, 101 ते 300 युनिटला अकरा रुपयांच्या आसपास आणि 301 ते 500 ला चौदाच्या आसपास पडतात, वर 16 टक्के वीज शुल्क. ज्या घरात आधीच अडीचशे युनिट जळतात, तिथे गाडीचे पहिले पन्नासच स्वस्त स्लॅबमध्ये बसतात, उरलेले एकशेदहा महागड्यात. बिलात भर पडते जवळजवळ अडीच हजारांची. हीच वीज चार्जिंगच्या स्वतंत्र मीटरवरून, करांसकट साडेनऊ रुपये धरून घेतली, तर दीड हजारात भागतं. सार्वजनिक फास्ट चार्जरवर जीएसटीसकट युनिटला बावीस रुपये धरले तर तीन हजारांच्या वर जातात. पेट्रोल 104 रुपये लिटर धरलं तर तेवढ्याच अंतराला जवळपास सात हजार लागतात. गाडी तीच, रस्ता तोच, चालवणाराही तोच. तरी प्लग बदलला की खर्च दुपटीने बदलतो. ॲक्सिलरेटर कितीही जपून दाबला तरी एवढा फरक पडत नाही.

म्हणूनच स्वतंत्र मीटरचा मुद्दा कागदोपत्री तपशील म्हणून सोडून देता येत नाही. राज्य वीज नियामक आयोगाने चार्जिंगसाठी वेगळा दरवर्ग केलेला आहे. केंद्राने 2024 साली वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, त्यानुसार ग्राहकाला गाडीच्या चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मागता येते. अडचण येते ती सोसायटीत. पार्किंग कॉमन, मीटर रूम दुसऱ्या विंगला, वायर कुणाच्या जागेतून न्यायची यावर वाद, आगीची धास्ती, आणि ‘एकाला दिलं तर उद्या सगळे मागतील’ हा कमिटीचा ठरलेला आक्षेप. तो आक्षेप खरं तर बरोबर आहे. सगळे मागणारच आहेत. म्हणूनच एकेकाला परवानगी देत बसण्याऐवजी सोसायटीने एकदाच भाराचा अंदाज घेऊन एक केबल, स्वतंत्र मीटर आणि योग्य संरक्षक स्विचसह पाच-सहा पॉइंट काढणं स्वस्त पडतं. आणि पार्किंगच नसलेल्या चाळीतल्या किंवा रस्त्यावर गाडी लावणाऱ्या माणसाला इलेक्ट्रिक कार घ्या असा सल्ला सरसकट देणं योग्य नाही. त्याचा हिशेब सार्वजनिक चार्जरच्या भावानेच मांडायला हवा.

इथे सीएनजीवाला हमखास हात वर करेल, आणि त्याचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. किलोला ऐंशी रुपये आणि वीस किलोमीटर असं धरलं तर हजार किलोमीटरला चार हजार होतात. म्हणजे पेट्रोलशी तुलना केली तर इलेक्ट्रिक गाडी घरच्या प्लगवर महिन्याला साडेचार-साडेपाच हजार वाचवते. सीएनजीशी केली तर स्वतंत्र मीटरवर अडीच हजार, वरच्या स्लॅबमध्ये दीड हजार आणि फक्त सार्वजनिक चार्जरवर जेमतेम आठ-नऊशे. गाडीची किंमत तीन लाखांनी जास्त असेल, तर पेट्रोलच्या तुलनेत घरच्या चार्जिंगवर ती पाच-सहा वर्षांत वसूल होते. सीएनजीच्या तुलनेत स्वतंत्र मीटर असूनही दहा वर्षं लागतात आणि फास्ट चार्जरच्या भरवशावर ती वसूल होतच नाही. सप्टेंबर 2025 मध्ये छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी 18 टक्क्यांवर आला, इलेक्ट्रिकवरचा 5 टक्केच राहिला, त्यामुळे किमतीतली दरी पुन्हा थोडी रुंदावली. बाजू उलटीही आहे. ऑइल, फिल्टर, क्लच नसल्याने सर्व्हिसिंगचा खर्च कमी, आणि राज्याच्या 2025 च्या धोरणाने मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर इलेक्ट्रिक कारना टोलमाफी दिली. तरीही महिन्याला तीन-चारशे किलोमीटरच फिरणाऱ्या कुटुंबाने फक्त पैसे वाचवायला म्हणून ही कार घेऊ नये. शांतता, पिकअप किंवा गल्लीतला धूर कमी करणं यासाठी घ्यायची असेल तर गोष्ट वेगळी.

किलोमीटरचा हा नियम कारच्या बाहेर पाहिला की आणखी ठसठशीत दिसतो. लिटरला पंचेचाळीस देणारी पेट्रोल स्कूटर किलोमीटरला सव्वादोन-अडीच रुपये खाते. इलेक्ट्रिक स्कूटर भिंतीतल्या एका युनिटवर तीसेक किलोमीटर जाते, म्हणून महागातल्या स्लॅबनेही खर्च पन्नास-साठ पैशांवर राहतो. रोज तीस किलोमीटर करणाऱ्याचे वीस हजार रुपये वर्षभरात सुटतात. शिवाय तिची बॅटरी तीन-चार युनिटचीच असल्याने साधा पॉइंट पुरतो. दुसऱ्या टोकाला बस आहे. पीएमपीच्या इलेक्ट्रिक बस 2019 पासून पुण्यात धावतात, एसटीची ‘शिवाई’ 1 जून 2022 ला पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झाली. बस दिवसभर पळते आणि रात्री हमखास आपल्याच डेपोत येते, म्हणजे दोन्ही अटी आपोआप पूर्ण होतात. खासगी कार मात्र दिवसातले बावीस तास उभी असते. म्हणून स्कूटर आणि बसला जे जमलं ते कारलाही तसंच जमेल, हे गृहीत धरता येत नाही.

मग गणपतीला कोकणात कसं जायचं, हा प्रश्न उरतो. मुंबईहून सावंतवाडी जवळजवळ पाचशे किलोमीटर, म्हणजे वाटेत एक-दोनदा थांबणं आलं, आणि त्या आठवड्यात चार्जरवर रांग लागणारच. ही अडचण खरी आहे. तिच्यावर मोठी बॅटरी हा महागडा उपाय आहे. वर्षातल्या दोन फेऱ्यांसाठी लाख-दोन लाख जास्त मोजायचे आणि उरलेले दिवस ते वजन ओढत ॲव्हरेज घालवायची, हा सौदा बहुतेकांना पटू नये. वाटेतल्या थांब्यांची आखणी करून, ऐंशी टक्क्यांवर निघून आणि गावच्या घरी अर्थिंग असलेला 15 अँपिअरचा पॉइंट काढून बरंच काम भागतं. नाहीतर तेवढ्यापुरती रेल्वे आहेच. बॅटरी बसण्याच्या भीतीचंही असंच. बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरची वॉरंटी देतात. क्षमता हळूहळू कमी होते, एका दिवसात संपत नाही. मात्र जुनी गाडी विकताना भाव किती येईल, ही शंका रास्त आहे. तिचं उत्तर बाजारच देईल.

शेवटचा आक्षेप पर्यावरणाचा: वीज कोळशाचीच ना? बऱ्याच अंशी हो. देशातली जवळजवळ तीन-चतुर्थांश वीज अजून कोळशातून येते आणि युनिटमागे सरासरी 0.7 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. वहनातली गळती धरून इलेक्ट्रिक कारच्या वाट्याला किलोमीटरमागे 130-140 ग्रॅम येतात. पेट्रोल गाडीच्या धुराड्यातूनच 150 येतात, रिफायनरीचा वाटा धरला तर 180 च्या आसपास. चौपट कार्यक्षमतेतला बराच भाग वीजनिर्मिती केंद्रात आधीच खर्ची पडलेला असतो, आणि बॅटरी बनवतानाचं प्रदूषण वेगळं. म्हणजे फायदा आहे, पण जाहिरातीतल्या हिरव्या पानाएवढा नाही. मात्र पेट्रोलच्या गाडीचा धूर वयानुसार वाढतच जातो, तर इलेक्ट्रिक गाडी ग्रिडमध्ये सौरऊर्जा वाढेल तशी सुधारत जाते. सूर्याची वीज दुपारी मुबलक असते. आपली गाडी त्या वेळी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उन्हात उभी असते. तिथे प्लग असेल तर स्वस्त आणि स्वच्छ वीज एकाच वेळी मिळू शकते.

गाडी स्वस्त करायला सरकार अनुदान देतं, कर माफ करतं, हायवेला चार्जर लावतं. त्याचा उपयोग होतोच. पण आठवड्यातले सहा दिवस गाडी हायवेवर नसते. नव्या इमारतींच्या पार्किंगमध्ये चार्जिंगची सोय आधीच धरण्याचा आग्रह धोरणात आला आहे. खरं काम जुन्या सोसायट्या, ऑफिसं आणि रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये बाकी आहे. तिथल्या एका साध्या पॉइंटला शोरूममधल्या सवलतीपेक्षा जास्त किंमत आहे, कारण सवलत एकदाच मिळते आणि पॉइंट दर महिन्याला हजार-दीड हजार वाचवतो. ज्याला इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे त्याने टेस्ट ड्राइव्हच्या आधी आपलं वीजबिल काढून स्लॅब पाहावा, महिन्याचे किलोमीटर मोजावेत आणि सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठावं. या तिन्हींचं उत्तर अनुकूल असेल तर बहुतेक गाड्या परवडतील, आणि नसेल तर कितीही रेंजची गाडी घेतली तरी हिशेब जुळणार नाही.