मूठ उघडायला लागणारे सेकंद

आजोबांना अवेळी मोतीबिंदू झाला, बाकी तब्येत ठणठणीत. त्यांच्या मुलीला डबा उघडल्यावर झाकणावरची बोटं चटकन सोडवता येत नाहीत. आणि तिचं बाळ जन्मतःच लुळं, दूधही ओढता येत नाही. तिघांचा आजार एकच, मायोटॉनिक डिस्ट्रॉफी. श्टाइनर्ट या डॉक्टरांनी 1909 मध्ये त्याचं वर्णन केलं, पण एकाच घरात तो इतका वेगवेगळा का दिसतो, हे कळायला 1992 उजाडलं. 19व्या गुणसूत्रावर सीटीजी ही डीएनएची तीन अक्षरं एकामागून एक येतात. निरोगी माणसात पाच ते पस्तीस वेळा, रुग्णात पन्नासपासून हजाराच्याही वर. बहुधा पिढीगणिक ही लांबी वाढत जाते, तसा आजारही बळावतो.

असा आजार दवाखान्यात बसून पुरता कळत नाही. आमच्या रायपूरचंच पाहा. इथे चौबे कॉलोनीत महाराष्ट्र मंडळ आहे. इथल्या मराठी घरांचे सगेसोयरे नागपूर, बिलासपूर, पुण्यापर्यंत पांगलेले. रायपूरला 2012 मध्ये एम्स सुरू झालं. त्याआधी मोठ्या तपासणीसाठी अनेकांना तीनशे किलोमीटरवरचं नागपूर, नाहीतर मुंबई, वेल्लोर गाठावं लागे. एवढी यातायात होई ती घरातल्या सर्वांत आजारी माणसासाठी. बोटं जरा अडकतात म्हणून रजा कोण टाकणार? म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर आजाराचं एकच टोक उमटत राहिलं.

या कोंडीतून वाट काढली ती घरबसल्या संशोधनाने. अमेरिकेत रॉचेस्टर विद्यापीठाने 2000 मध्ये रुग्ण आणि त्यांच्या कुटुंबीयांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. माणसं घरूनच प्रश्नावली भरू लागली. कोविडने पुढची पावलं भराभर टाकायला लावली. भारतात 25 मार्च 2020 रोजी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. तिकडे अमेरिकेत रुग्णांच्या घरी साधनं पाठवून, व्हिडिओवर पाहत पकडीचा जोर आणि श्वासाची ताकद मोजता येते का, हे तपासलं गेलं.

त्यातली मुठीची चाचणी मला फार मोलाची वाटते. तीन सेकंद मूठ घट्ट आवळायची आणि झटकन उघडायची; सगळी बोटं सरळ व्हायला किती वेळ लागला, ते चित्रफितीवरून मोजायचं. पुन्हा पुन्हा केलं की हात मोकळा होत जातो, तेही दिसतं. यासाठी गाडीचं तिकीट लागत नाही, आणि आजोबाही त्याच बैठकीत तपासले जातात. आपल्याकडे अशा नोंदी कुटुंबागणिक व्हायला हव्यात, असं माझं ठाम मत आहे.

मात्र हृदयाचं काम फोनवर भागवू नये. या आजारात हृदयाच्या ठोक्यांचं विद्युतवहन बिघडून अचानक मृत्यू येऊ शकतो, तोही स्नायू फारसे दुबळे नसताना. घरात कोणाला हा आजार असेल, तर बाधित असलेल्या प्रत्येकाचा ईसीजी दरवर्षी काढा. शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टरांना आजाराचं नाव सांगा. आणि जनुकीय तपासणी करताना सीटीजीची लांबी मोजणारीच चाचणी मागून घ्या. नेहमीच्या एक्सोम तपासणीत हा दोष सहसा सापडत नाही.