तीन लोंब्या जपणारे दादाजी



तालुक्याच्या बाजारात किराणा भरायला गेलात, तर दुकानदार तांदळाची दोन-चार पोती तोंड उघडून दाखवतो. त्यात एक हमखास एचएमटीचे असते. बारीक दाणा, मऊ भात. लग्नकार्याला, पाहुण्यारावळ्यांना हाच तांदूळ हवा, असे कितीतरी घरांत ठरलेले असते. पण हे वाण कोणाचे, असे विचारून पाहा. कोणी म्हणेल विद्यापीठाचे, कोणी म्हणेल कंपनीचे. फार थोडे लोक खरे नाव सांगतील. ते नाव आहे दादाजी रामाजी खोब्रागडे. विदर्भातल्या धानपट्ट्यातला, तिसरीपर्यंत शिकलेला एक साधा शेतकरी.

३ जून २०१८ रोजी दादाजी गेले. त्या वेळी त्यांचे वय ऐंशीच्या घरात होते. म्हातारपणी त्यांना पक्षाघाताने गाठले होते आणि गडचिरोलीजवळच्या शोधग्राममधील सर्च रुग्णालयात त्यांनी अखेरचा श्वास घेतला. मागे मुलगा, सून, नातवंडे आणि त्यांनी जन्माला घातलेली धानाची वाणे राहिली. त्यांची आठवण आपल्या घरात बोलावी, मुलाबाळांना सांगावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

दादाजींचे गाव नांदेड. हे मराठवाड्यातले नांदेड शहर नव्हे, चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातले लहानसे खेडे. चोहीकडे धानाच्या बांध्या. पावसाळ्यात परे टाकायचे, रोवणी करायची, दिवाळीच्या सुमारास कापणी. तुमच्या-माझ्यासारखेच वर्षाचे चक्र. १९८३ साली दादाजींच्या बांधीत ‘पटेल-३’ नावाचे धान उभे होते. पिकात फिरताना त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाण्याचा रंग पिवळसर, बाकीच्या पिकाशी न जुळणारा.

आता वाचकहो, खरे सांगा, अशा लोंब्या आपल्याला दिसत नाहीत का? दिसतात. ‘भेसळ आली’ म्हणून आपण त्या उपटतो, नाहीतर सगळ्यांबरोबर कापून खळ्यावर टाकतो. दादाजींनी त्या जपून तोडल्या, पिशवीत घातल्या आणि घरी वेगळ्या ठेवल्या. पुढच्या वर्षी ते मूठभर बी शेताच्या मधल्या थोड्याशा जागेत पेरले. जनावरांनी तोंड घालू नये म्हणून भोवती काट्या लावल्या. पीक चांगले आले. त्यातलेही चांगले निवडून पुन्हा पेरले. असे एक-दोन नव्हे, चांगली पाच-सहा वर्षे चालले.

या पाच-सहा वर्षांचा विचार करा. हातात धड मूठभर बी, त्याचे पुढे काय होणार हे माहीत नाही, सांगायला साहेब नाही, द्यायला कोणी पैसा नाही. अशा वेळी घरच्या माणसांनीही साथ द्यावी लागते. खाण्याच्या धानात बियाणे मिसळू न देणे, पिशव्या उंदीर-घुशींपासून जपणे, ही कामे घरातच होतात. एकट्या पुरुषाच्या हातून बियाणे टिकत नाही, हे धान पिकवणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

बी पुरेसे झाल्यावर दादाजींनी ते इतरांना दिले. शेजारच्या शेतात पिकले, तिथून पुढच्या गावात गेले. धान बाजारात नेले तेव्हा नाव काय, हा प्रश्न आला. त्या काळी एचएमटीचे मनगटी घड्याळ म्हणजे मोठी अपूर्वाई. लग्नात जावयाला द्यावे असे. तेच नाव या धानाला पडले. पुढे हे बियाणे जिल्हा ओलांडून, राज्य ओलांडून मध्य प्रदेश, छत्तीसगड, आंध्रपर्यंत गेले. दादाजी मात्र थांबले नाहीत. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, विजय नांदेड, दीपक रत्न अशी एकामागून एक वाणे त्यांनी निवडली. एका वाणाला त्यांच्याच नावाची आद्याक्षरे मिळाली, ‘डीआरके’.

आता कडू गोष्टही सांगितली पाहिजे. १९९४ साली कृषी विद्यापीठाच्या माणसांनी दादाजींकडून थोडे बियाणे नेले. १९९८ साली विद्यापीठाने ‘पीकेव्ही-एचएमटी’ नावाचे वाण प्रसारित केले. विद्यापीठाचे म्हणणे, आम्ही शास्त्रीय पद्धतीने बियाण्याचे शुद्धीकरण केले. दादाजींचे म्हणणे, मूळ वाण माझे, मग श्रेय मला का नाही? वाद पुष्कळ झाला. पण एवढे खरे की ज्या वाणाने अनेकांची खळी भरली, त्याच्या मूळ धन्याच्या पदरात पैसा फारसा पडला नाही.

मानसन्मान मात्र मिळाले. २००५ साली राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. राज्य शासनाने कृषिभूषण म्हणून गौरवले. २०१० साली ‘फोर्ब्स’ या परदेशी मासिकाने ग्रामीण भारतातील कर्तबगार उद्योजकांच्या यादीत त्यांचे नाव घातले. आणि त्याच सुमारास हा माणूस दीड एकराच्या आसपास जमिनीवर घर चालवत होता. शेवटच्या आजारपणात औषधपाण्यासाठी कुटुंबाला दुसऱ्यांच्या मदतीकडे पाहावे लागले. हारतुरे खुंटीला टांगता येतात, त्यावर चूल पेटत नाही.

म्हणून दादाजींची आठवण काढताना नुसते हात जोडून भागायचे नाही. त्यांच्या आयुष्यातून दोन गोष्टी आपण घरी आणल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट, नजर. धानाच्या फुलाचे परागीकरण बहुतेक आपल्या आपणच होते. त्यामुळे वेगळ्या दिसलेल्या लोंबीचे गुण पुढच्या पिढीत बऱ्याच अंशी टिकतात. म्हणूनच निवडीने वाण मिळू शकते. संकरित बियाण्याच्या पिकात मात्र हे सहज साधत नाही, त्याचे दाणे पुढच्या वर्षी फुटीर निघतात. यंदा सरळ वाणाच्या बांधीत एखादे झाड वेगळे दिसले, जास्त फुटवे असलेले, रोगाला न बळी पडलेले, वाऱ्यात न लोळलेले, तर त्याला रंगीत दोरा बांधा. पूर्ण पिकू द्या. लोंब्या वेगळ्या कापा, चांगल्या वाळवा. दाणा दाताखाली कट्ट वाजला पाहिजे. मग कापडी पिशवीत घालून चिठ्ठी ठेवा. पुढच्या वर्षी परे वेगळे टाका, एका ठिकाणी एकच रोप लावा आणि दुसऱ्या धानापासून निदान ३ मीटर अंतर राखा. फुलोऱ्यात आणि कापणीआधी वेगळी झाडे काढून टाका. चार-पाच हंगाम हे करा. दर वेळी वाण उपयोगी निघेलच असे नाही, पण जे पाहतच नाहीत त्यांना काहीच सापडत नाही.

दुसरी गोष्ट, लिहून ठेवणे. कोणत्या साली, कोणत्या वाणात, किती लोंब्या मिळाल्या, बी कोणाला दिले, हे वहीत तारीखवार लिहा. शाळेत जाणारा नातू किंवा नात हे काम आनंदाने करील. २००१ साली आपल्या देशात पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा झाला. त्याप्रमाणे शेतकऱ्याला स्वतःच्या वाणाची आपल्या नावाने नोंदणी करता येते आणि त्यासाठी शेतकऱ्याला शुल्क पडत नाही. आपल्या शेतातले बी राखणे, पेरणे, शेजाऱ्याला देणे, हा हक्कही कायद्याने मान्य केला आहे. फक्त संरक्षित वाणाचे बी कंपनीसारखे छाप मारून विकता येत नाही. माहिती हवी असेल तर जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. १९८३ साली असा कायदा नव्हता. आज आहे, तर त्याचा उपयोग करून घ्यावा.

आपल्या प्रत्येकाच्या घरात एखादे आजोबा असतात. संध्याकाळी धुऱ्यावरून चक्कर मारून येतात आणि सांगतात, ‘त्या कोपऱ्यातलं धान जरा निराळं दिसतंय.’ आपण घाईत असतो, ‘हो, हो’ म्हणून सोडून देतो. पुढच्या वेळी सोडू नका. त्यांच्याबरोबर बांधीत उतरा, ते काय दाखवताहेत ते पाहा, धाकट्यांनाही बरोबर न्या. म्हाताऱ्या माणसाची नजर हेही घरातले बियाणेच आहे, वेळेवर पेरले नाही तर वाया जाते.

आणि आज रात्री ताटात एचएमटीचा भात असेल, तर पहिल्या घासाआधी मुलांना सांगा, हा तांदूळ नांदेड गावच्या दादाजी खोब्रागड्यांनी आपल्याला दिला.