केळीच्या बागेतली दिडकी

गणिताशी माझे वैर जुने आहे. धुळ्याच्या शाळेत मी या विषयात पास होत असे तो केवळ आजोबांच्या कृपेने. ते कापसाच्या अडतीवर दिवाणजी होते. दिवेलागणीला पडवीत बसवून ते माझ्याकडून पावकी, निमकी, दिडकी म्हणून घेत. औटकीला मी हमखास अडखळे. साडेतीनचा पाढा लागतो तरी कुणाला, असे एकदा विचारले तेव्हा ‘अडतीवर बसलास की कळेल’ एवढेच उत्तर मिळाले. मी अडतीवर बसलो नाही. मराठीचा प्राध्यापक झालो.

म्हणून गेल्या वर्षी जळगावला आमच्या सातवीतल्या कन्येस गणितात ३१ गुण पडले, तेव्हा सौभाग्यवतींनी प्रगतिपुस्तक मिटून माझ्याकडेच पाहिले.

शिकवणी लावण्याचा विचार चालू होता, तोच तिच्या बाईंनी निराळाच घाट घातला. मुलांच्या टोळ्या करून प्रत्येकीला एकेक काम नेमून दिले. याला हल्ली प्रकल्प म्हणतात. कन्येच्या टोळीला केळीची बाग आली. एका एकरात झाडे किती, आणि त्यांना पाणी किती? चार मुली घेऊन मी रावेरजवळच्या मामांच्या मळ्यात गेलो. मामा म्हणाले, “सहा बाय पाचावर लावली आहेत. मोजा!”

एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट, हे पुस्तकात होते. त्याला भागायचे कशाने? एकीने सहा आणि पाच मिळवून अकरा केले. कन्येने काटकी घेऊन मातीत चौकोन आखला, त्यात एक झाड काढले आणि ओरडली, “अगं, प्रत्येकाला तीस चौरस फूट जागा!” उत्तर आले १,४५२. “साडेचौदाशे बसतातच,” मामा म्हणाले. क्षेत्रफळ हा शब्द दोन वर्षे घोकणाऱ्या मुलीला तो त्या दिवशी दिसला.

पुढे मात्र घोडे अडले. उन्हाळ्यात झाडाला ठिबकने रोज पंधरा लिटर, असे मामांनी सांगितले. गुणाकार काही केल्या जमेना. माझ्या तोंडून आपोआप दिडकी निघाली. १,४५२, त्याचे निम्मे ७२६, मिळून २,१७८, वर एक शून्य, २१,७८० लिटर. कन्येने माझ्याकडे ज्या आदराने पाहिले, तसे ती माझे लेख वाचून कधी पाहत नाही.

कृतीतून शिकवण्याची ही कल्पना काही आजची नव्हे. अमेरिकेत किलपॅट्रिक यांनी १९१८ साली ती मांडली. आमच्याच फैजपूरला १९३६ साली काँग्रेस भरली, आणि पुढच्याच वर्षी गांधीजींनी वर्ध्याच्या परिषदेत नयी तालीम मांडली. त्यात टकळीवर काढलेल्या सुतावरून हिशेब शिकायचा होता. टकळीने पोराचे भले होईल यावर शहरातल्या पालकांचा काही विश्वास बसला नाही.

मला मात्र आठवतो तो चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. त्यात मराठी मजकूर असल्याने तो आम्हा मराठीच्या मास्तरांच्या परिचयाचा. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ स्थापला. १२०७ साली त्याला दान मिळाले, आणि गावच्या बाजारातल्या मालावरचे उत्पन्नही त्यात होते. गणिताच्या शाळेला बाजाराने पोसावे, हे मला फार आवडते. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’तही (११५०) आधी नाणी, वजने, मापे येतात, मग बेरजेपासूनची आठ परिकर्मे, आणि त्यानंतर कमळांवरचे भुंगे. भुंग्यांपाशी पोचायचे तर परिकर्मांतूनच जावे लागते!

सहामाहीत कन्येला ४७ गुण मिळाले. सौभाग्यवतींचे समाधान झाले नाही. मी उत्तरपत्रिका नीट पाहिली. शाब्दिक उदाहरणांची मांडणी जवळजवळ सगळी बरोबर होती. पूर्वी ती अशी उदाहरणे कोरीच सोडत असे. गुण गेले होते ते गुणाकार-भागाकारात. काय भागायचे ते बाग शिकवून गेली होती. भागायचे कसे ते राहिले होते. बाईंना हे दाखवले, तर त्या म्हणाल्या, “सर, तेवढे तुम्ही घरी घ्या.”

तेव्हापासून दिवेलागणीला आमच्या गॅलरीत दिडकी चालते. निमकी झाली. औटकी अजून तिला येत नाही, आणि मलाही पुस्तकात पाहावी लागते.