म्हातारे मांजर पाणी जास्त पिऊ लागले तर

आरोग्याच्या पानावर मांजर कशाला, असे काही वाचक विचारतील. उत्तर साधे आहे. आपल्या वस्त्यांमध्ये आता अशी घरे पुष्कळ आहेत, जिथे मुले नोकरीसाठी पुण्या-मुंबईला गेली आहेत आणि मागे आई-वडील व एक मांजर उरले आहे. ते मांजरही बारा-पंधरा वर्षांचे झालेले असते. त्याचे दुखणे हे त्या घराचे दुखणे असते आणि त्याची सेवा करताना म्हाताऱ्या माणसांचीच दमछाक होते. शिवाय माणसांच्या औषधांच्या डब्यातली एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

दहा वर्षांपुढचे मांजर वयस्क समजावे. पंधरा वर्षांचे मांजर माणसाच्या हिशेबाने साधारण शहात्तर वर्षांचे असते. घरात राहणारी, वेळेवर खाणारी मांजरे पंधरा-अठरा वर्षे सहज जगतात. अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये १९६७ साली जन्मलेले एक मांजर तर २००५ पर्यंत, म्हणजे ३८ वर्षे जगले. असे अपवाद सोडले तरी म्हातारपण हे दुखणे नव्हे, हे लक्षात ठेवावे. ‘वय झालं, आता असंच चालायचं’ असे म्हणून आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो, त्यातला बराच भाग उपचाराने सुसह्य होतो.

अडचण अशी की मांजर दुखणे दाखवत नाही. कुत्रा कण्हतो, पायाशी येतो. मांजर मात्र पलंगाखाली, कपाटामागे, माळ्यावर जाऊन गप्प बसते. मांजर मरायला घर सोडून जाते, असे जुनी माणसे सांगतात. त्यात एवढेच खरे आहे की आजारी मांजर आडोसा शोधते. तेव्हा आपले नेहमी दारात बसणारे मांजर दोन दिवस कोपऱ्यात दिसले, तर ते रुसलेले नाही, आजारी आहे असे धरून चालावे.

म्हाताऱ्या मांजरांत सर्वांत जास्त आढळणारा आजार मूत्रपिंडाचा, म्हणजे किडनीचा. किडनीचे काम रक्तातली घाण गाळणे आणि लघवी घट्ट करून अंगातले पाणी वाचवणे. किडनीचा सुमारे दोन तृतीयांश भाग निकामी झाला की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. मग लघवी पाण्यासारखी आणि भरपूर होते, अंगातले पाणी कमी पडते आणि मांजर वाटीशी, मोरीशी, नळाशी जाऊन सारखे पाणी पिऊ लागते. घरातल्यांना वाटते, उन्हाळा आहे. रक्ताच्या तपासणीत क्रिएटिनिन वाढलेले दिसते तोवर तीन चतुर्थांश किडनी गेलेली असते. म्हणून पाण्याची वाटी हीच पहिली तपासणी. रोज किती वेळा भरावी लागते, याकडे घरात एकाने तरी लक्ष ठेवावे.

दुसरी तपासणी वजनाची. केसांमुळे मांजराचा बारीकपणा डोळ्यांना दिसत नाही. पाठीच्या कण्यावरून हात फिरवला आणि मणी हाताला लागू लागले की समजावे. आपण मांजराला घेऊन वजनकाट्यावर उभे राहावे, मग एकट्याने उभे राहून वजा करावे. पण घरगुती काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅम समजत नाहीत. ओळखीच्या किराणा दुकानदाराच्या काट्यावर पिशवीत घालून महिन्यातून एकदा वजन करणे अधिक चांगले. चार किलोच्या मांजराचे चारशे ग्रॅम कमी होणे म्हणजे साठ किलोच्या माणसाचे सहा किलो उतरणे.

जास्त पाणी, जास्त लघवी आणि वजनातली घट ही तिन्ही लक्षणे मधुमेहातही दिसतात आणि थायरॉइडची ग्रंथी जास्त काम करू लागल्यावरही दिसतात. थायरॉइडचे मांजर खूप खाते, ओरडते, अस्वस्थ फिरते आणि तरी वाळत जाते. किडनीचे मांजर बहुधा कमी खाते, सकाळी ओकते, तोंडाला अमोनियासारखा वास येतो. पण वासावरून निदान करू नये. रक्तातील क्रिएटिनिन, फॉस्फरस, पोटॅशियम, साखर व टी-फोर, लघवीची घनता आणि रक्तदाब एवढे तपासून घ्यावे.

तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात कुत्र्या-मांजरांनाही पाहतात, पण या सर्व तपासण्या तिथे होतीलच असे नाही. मुंबईत परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि तिथलेच बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचे रुग्णालय, नागपुरात सेमिनरी हिल्सचे पशुवैद्यकीय महाविद्यालय, तसेच शिरवळ, परभणी, उदगीर, अकोला इथल्या सरकारी पशुवैद्यकीय संस्थांत जाता येते. गल्लीतल्या पॅथॉलॉजीत मांजराचे रक्त तपासले तर एक गोंधळ होतो: छापील कागदावर माणसाची मर्यादा असते आणि १.५ क्रिएटिनिन लाल अक्षरात येते. मांजरात १.६ च्या आतले क्रिएटिनिन तेवढ्यावरून वाईट मानत नाहीत. १.६ ते २.८ ही दुसरी पायरी, २.९ ते ५ ही तिसरी आणि ५ च्या पुढे चौथी. दुसऱ्या पायरीवरची मांजरे नीट काळजी घेतल्यास बरेचदा काही वर्षे जगतात. चौथ्या पायरीवर बोलणे आठवड्यांचे किंवा थोड्या महिन्यांचे असते. एक मात्र खरे, अंगावरचे मांस झडलेल्या मांजराचे क्रिएटिनिन खोटे कमी दिसते, म्हणून आकड्याबरोबर मांजरही डॉक्टरांना दाखवले पाहिजे. गेलेली किडनी परत येत नाही. उरलेली वाचवायची, एवढाच उपचाराचा अर्थ.

रक्तदाबाचे वेगळे सांगतो, कारण तो तपासला जात नाही. किडनी आणि थायरॉइडच्या मांजरांत तो वाढतो आणि एका दिवशी मांजर एकाएकी आंधळे होते, भिंतीला धडकते, बाहुल्या मोठ्या राहतात. डोळ्याचा पडदा सुटलेला असतो. वरचा आकडा १६० च्या पुढे राहत असेल, तर डॉक्टर बहुधा अॅम्लोडिपिन देतात. हेच औषध आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे, म्हणून आपल्या गोळीचा तुकडा मोडून देण्याचा मोह होईल. मात्रा डॉक्टरांनीच ठरवावी.

आता खाण्याचे. आपल्या घरांत मांजर सुकटीवर, बोंबलाच्या डोक्यांवर आणि उरलेल्या रश्शावर वाढते. तरुणपणी ते पचवते. किडनी गेलेल्या मांजराला मात्र सुक्या मासळीतले मीठ आणि काट्यांतला फॉस्फरस दोन्ही बाधतात. रश्श्यातला कांदा-लसूण तर कोणत्याही वयात वाईट, त्याने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात आणि रक्त कमी होते. दुधाने बहुतेक मोठ्या मांजरांना हगवण लागते. बाजारात किडनीच्या मांजरांसाठी वेगळे खाद्य मिळते. ते उपयोगी आहे, पण महाग आहे आणि पुष्कळ मांजरे त्याला तोंड लावत नाहीत. परवडत नसेल तर बिनमिठाचे उकडलेले, हाड काढलेले चिकन, अंड्याचा पांढरा भाग, थोडा मऊ भात आणि कोमट पाणी असे पातळसर करून द्यावे. यातही कॅल्शियम व टॉरिन कमी पडते, म्हणून महिनोन् महिने तेवढ्यावर ठेवायचे असेल तर पूरक औषध डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. मांजर मांसाहारी प्राणी आहे. दया म्हणून त्याला वरणभातावर ठेवणे ही त्याची उपासमार आहे.

पथ्यापेक्षा पोटात काही जाणे महत्त्वाचे, हे माझे ठाम मत. मांजराने दोन-तीन दिवस काहीच खाल्ले नाही, तर अंगातली चरबी यकृतात साठून नवाच जीवघेणा आजार उभा राहतो. मळमळ थांबवणारी आणि भूक लावणारी औषधे आता मिळतात. ती मागून घ्या. अन्न किंचित कोमट केले की वास सुटतो आणि तोंड लागते. पाण्याच्या दोन-तीन वाट्या घरात वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात.

पाणी तरीही कमी पडते, तेव्हा कातडीखाली सलाईन देतात. हे घरी शिकता येते आणि त्याने मांजराला जो आराम पडतो तो गोळ्यांनी पडत नाही. रिंगर लॅक्टेटची बाटली, नळी आणि सुई औषधाच्या दुकानात मिळते. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची, सुई तिच्या आत घालायची, बाटली वर टांगायची. चार किलोच्या मांजराला एका वेळी बहुधा १०० मिली, रोज किंवा एक दिवसाआड. नक्की प्रमाण डॉक्टर सांगतील. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवून अंगाइतकी ऊन करावी, सुई दर वेळी नवी घ्यावी. पाठीवर उंटासारखे मदार येते, मग ते पायाकडे उतरते आणि काही तासांत जिरते, घाबरू नये. पहिल्या दोन-तीन वेळा दवाखान्यात करून दाखवायला सांगावे. हृदयाचा आजार असेल तर हेच पाणी छातीत साठते. म्हणून मांजर झोपलेले असताना मिनिटभर श्वास मोजायची सवय ठेवावी. तीसच्या वर सतत जाऊ लागले तर सलाईन थांबवून डॉक्टरांना फोन करावा. तोंड उघडून धापा टाकत असेल तर फोनही नको, सरळ दवाखाना गाठावा.

गोळ्यांविषयी. ताप किंवा दुखणे म्हणून मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नये. ते निकामी करण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. पाचशेची अर्धी गोळीही घातक ठरू शकते. काही तासांत हिरड्या तपकिरी-निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. चुकून दिली गेलीच तर उताराचे औषध आहे, पण वेळ दवडता येत नाही. आयब्रुफेन आणि डायक्लोफिनॅक उरलेली किडनी संपवतात. कुत्र्याच्या गोचिडांसाठी मानेवर टाकायच्या काही औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराला विष आहे. आणि सत्कारात मिळालेल्या पुष्पगुच्छात मोठ्या पाकळ्यांची लिली असेल तर ती घरात आणू नये. तिचे परागही किडनी बंद पाडतात. डॉक्टरांनी दिलेली गोळी कोरडी ढकलली तर मांजराच्या घशाखाली अडकून जखम करते. मागून सिरिंजने चार-पाच मिली पाणी पाजावे.

बारा वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांचे सांधेही झिजलेले असतात. मांजर पेटीबाहेर लघवी करू लागले की घरात आरडाओरडा होतो. खरे कारण असे असते की पेटीची कड ओलांडताना त्याचे गुडघे दुखतात. एका बाजूने कापलेले प्लॅस्टिकचे घमेले, त्यात माती किंवा वाळू, आणि ते झोपायच्या जागेजवळ. खिडकीत चढायला मध्ये एक पाट किंवा डबा. नखे महिन्याला पाहावीत, न झिजलेले नख वळून गादीत घुसते. थंडीत गोधडी, मे महिन्यात ओला टॉवेल टाकलेली फरशी.

सेवा करणाऱ्यानेही जपावे. दुखावलेले मांजर चावते. चावा किंवा ओरखडा साबणाने वाहत्या पाण्यात पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखाना गाठावा. मांजराची लस दरवर्षी चालू ठेवावी. घरात गरोदर सून-मुलगी असेल तर मांजराची विष्ठा तिने काढू नये.

शेवटचा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नाही. कॅलेंडरवर रोज एक खूण करावी: आज मांजराने खाल्ले का, स्वतःचे अंग चाटले का, हात लावल्यावर जवळ आले का. वाईट दिवस चांगल्या दिवसांपेक्षा जास्त होऊ लागले की डॉक्टरांशी वेदनामुक्त मृत्यूविषयी बोलावे. आपल्या घरात इथे पंचशीलातले पहिले शील आडवे येते आणि ते येणे बरोबरच आहे. पण डॉ. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत बुद्धांनी केलेला फरक मांडला आहे. खर्च नको, कटकट नको म्हणून सुई द्यायला सांगणे वेगळे. उपचार संपले आहेत, मांजर तडफडत आहे आणि ती तडफड थांबवणे एवढाच हेतू आहे, हे वेगळे. कोणी नैसर्गिक मृत्यूची वाट पाहायचे ठरवले तर तेही समजण्यासारखे आहे. मात्र मग वेदना आणि मळमळ कमी करणारी औषधे शेवटच्या दिवसापर्यंत चालू ठेवली पाहिजेत. काहीच न देता नुसते बघत बसणे हा तिसरा मार्ग कोणी निवडू नये.

प्रक्रिया थोडक्यात अशी: आधी गुंगीचे इंजेक्शन, मांजर झोपते; मग शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा, काही मिनिटांत हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, हे आधी माहीत असावे. घरी येणारे डॉक्टरही मिळतात. लहान मुलांना ‘झोपवलं’ असे सांगू नये, ती मग स्वतः झोपायला घाबरतात. मांजर मेले, असेच सांगावे. पुरायचे असेल तर विहीर आणि नाल्यापासून दूर, तीन फूट तरी खोल खड्डा हवा. भुलेच्या औषधाने मृत्यू आला असेल तर देह उघड्यावर किंवा कचराकुंडीत मुळीच टाकू नये, कारण ते औषध देहात राहते आणि तो खाणारी कुत्री व पक्षीही मरतात.