कमान हवेची, नाव गॅसचं

अकोला जिल्ह्यातल्या बाळापुरात मन आणि म्हैस या नद्यांच्या संगमाकडे गेलं की किल्ला दिसतो आणि नदीकाठची छत्रीही. छत्री मिर्झा राजे जयसिंगांची, म्हणजे साडेतीनशे वर्षांपूर्वीची. किल्ला एलिचपूरचा नवाब इस्माईल खान याने १७५७ मध्ये पुरा केला. जुन्या दगडी कमानी वजनावर उभ्या असतात. वरचा दगड खालच्याला दाबतो, म्हणून दोन्ही जागेवर राहतात. गावातल्या मैदानावर लग्नाच्या किंवा उद्घाटनाच्या दिवशी दुसरी एक कमान उभी राहते. तिच्यात वजन असं नसतंच, आणि तिची सगळी पंचाईत तिथेच आहे.

फुग्यांची कमान पाहिली की आपण म्हणतो, "गॅसची आहे." बहुतेक वेळा ती नसते. ती असते मंडपवाल्याने वाकवलेल्या पीव्हीसी पाइपाची किंवा लोखंडी सळईची, वर साध्या हवेचे फुगे. एका कारागिराला मी विचारलं, तर म्हणाला, "हवेचेच हायेत भाऊ. पण लोकाइले गॅसचे वाटते, तं वाटू द्या."

काम सुरू होतं ते पुठ्ठ्याच्या खोक्यापासून. खोक्याला ९ इंचांचं गोल भोक पाडायचं आणि ११ इंची फुगा त्यातून जेमतेम जाईल एवढाच फुगवायचा. डोळ्यांच्या अंदाजावर सोडलं तर कमान जागोजागी सुजल्यासारखी दिसते. एकेका फुग्याच्या तोंडाला गाठ मारून दोघांची जोडी, दोन जोड्या एकमेकींत पिळून चार फुग्यांचा झुबका, आणि झुबका पाइपावर किंवा तंगुसाच्या दोरीवर अडकवायचा. पुढचा झुबका मागच्याच्या खाचेत बसतो. प्रत्येक थरात रंगांचा क्रम तोच ठेवला, की रंगांच्या पट्ट्या आपोआप वेलीसारख्या वळत जातात. एका फुटाला साधारण ८ फुगे लागतात, म्हणजे ३० फूट वळणाच्या कमानीला २४०. खांबाचीही रीत हीच, फक्त पाइप सरळ. बुडाशी वाळूची बादली आणि डोक्यावर एक मोठा फुगा. विजेचा पंप हाताशी असला तर फुगवणं भराभर उरकतं. वेळ खातात त्या गाठी, आणि संध्याकाळपर्यंत बोटांची सालं निघतात.

आता हीच कमान खऱ्या हेलियमवर उभी करू. पूर्ण भरलेल्या ११ इंची फुग्यात सुमारे १४ लीटर वायू मावतो. हेलियम लीटरमागे जवळपास १ ग्रॅम उचलतो. फुग्याच्या रबराचं वजन वजा केलं की हातात १० ग्रॅम राहतात. पण कमानीसाठी तो ९ इंचांवरच थांबवलेला असतो. मग वायू निम्म्यावर येतो आणि उचल तीन-चार ग्रॅमांवर. २४० फुग्यांची मिळून उचल किलोभरही होत नाही. उलट ताशी २० किलोमीटरचा वारा, जो इथे दुपारी सहज सुटतो, तेवढ्या लांबीच्या कमानीला ७ किलोच्या आसपास जोराने आडवं ढकलतो. निकाल ठरलेला आहे.

मी तो पाहिला आहे. भाच्याचा साखरपुडा होता, एप्रिलचा महिना, उघडं मैदान, आणि हौसेने मागवलेली गॅसची कमान. नवरीकडची मंडळी यायच्या वेळेला ती जी झुकली, ती थेट जेवणाच्या पंगतीवर. त्यात फुगे निवडले होते गडद मरून. गडद रंग ऊन पितो. आतला वायू तापून फुगतो आणि रबर आधीच ताणलेलं असतं. तासाभरात फटाक्यांची माळ लागल्यासारखा आवाज सुरू झाला. पुरोहितबुवा दर फटक्याला दचकत होते. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा काय होत असेल याची कल्पना करावी. रबराचं आणि उन्हाचं तसंही जमत नाही. चकचकीत फुगा उन्हात थोड्याच वेळात मखमलीसारखा मळकट होतो.

गंमत अशी, की हेलियम हा मुळात सूर्याचाच वायू. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ यान्सेन गुंटूरला दुर्बीण लावून बसला होता. त्याच वर्षी सूर्यप्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली आणि इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियरने ती नव्या मूलद्रव्याची ठरवली. नाव दिलं ग्रीक सूर्यदेवावरून. तो लॉकियर तेव्हा विजयदुर्गावर होता, असं कोकणात सांगतात. खरं म्हणजे तेव्हा तो इंग्लंडमध्ये होता. विजयदुर्गाला तो आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने हेलियम पृथ्वीवर, खनिजातून, १८९५ मध्ये काढलाही होता. १८९८ च्या त्याच ग्रहणाला खगोलशास्त्रज्ञ ॲनी माँडर आणि तिचा नवरा वऱ्हाडात, धामणगाव-पुलगावदरम्यानच्या तळणी स्टेशनाला उतरले होते आणि तिने सूर्याच्या प्रभामंडळाचे फोटो काढले. ज्या सूर्यात हा वायू सापडला, तोच सूर्य इथे त्याचे फुगे फोडतो.

हेलियम आपल्याकडे जवळजवळ सगळा बाहेरून येतो. एमआरआय यंत्र थंड ठेवायला लागतो तोच हा. म्हणून तो महाग. आणि महाग म्हणून त्याच्या नावावर हायड्रोजन खपवला जातो. कॉस्टिक सोडा आणि ॲल्युमिनियम यांच्यापासून तो अंगणातल्या लोखंडी टाकीतही तयार करतात. उचल थोडी जास्तच, पण हवेत ४ ते ७५ टक्क्यांपर्यंत मिसळला की ठिणगीची वाट पाहतो. केकवरची मेणबत्ती, हॅलोजनचा दिवा, वरातीतले फटाके, काहीही पुरतं. अशा टाक्या फुटून माणसं गेली आहेत.

माझं मत विचाराल तर बाळापूरच्या मोकळ्या मैदानात कमान हवेचीच करावी, पाइपावर, फिक्या रंगांची, आणि बुडाला भरपूर वजन. हेलियम हवाच असेल तर संध्याकाळी, बंद सभागृहात, चार-दोन फुग्यांपुरता. साधा रबरी फुगा तसाही दिवसभराहून फार जास्त तरंगत नाही. आणि ऑर्डर देताना सिलिंडर कोणता ते उघडून दाखवायला सांगा. ज्वलनशील वायूच्या सिलिंडरच्या तोंडाचे आटे उलटे असतात, हेलियमचे सरळ. आटे उलटे निघाले, तर आगाऊ रक्कम परत मागा आणि मुलांना तिथून आधी दूर न्या.