चिनवॅग म्हणजे काय?



इंग्रजी भाषेत पुष्कळ शब्द आहेत. काही शब्द पुस्तकात असतात आणि काही नुसते बोलण्यात असतात. आज मी तुम्हाला बोलण्यातल्या एका शब्दाची माहिती सांगणार आहे. तो शब्द म्हणजे चिनवॅग. आमच्या बाईंनी तो शब्दकोशात दाखवला.

चिन म्हणजे हनुवटी. शरीराचे अवयव शिकताना हा शब्द आपण पाठ केला आहे. वॅग म्हणजे हलवणे. कुत्रं शेपूट हलवतं, त्याला इंग्रजीत वॅग म्हणतात. म्हणून चिनवॅग म्हणजे हनुवटी हलवणे. पण हा झाला शब्दाचा अर्थ. खरा अर्थ आहे निवांत बसून मारलेल्या गप्पा.

आता एक प्रयोग करा. हनुवटीवर बोट ठेवा आणि मोठ्याने 'आंबा, जांभूळ, भाकरी' असं म्हणा. बोट खालीवर होतं की नाही? बोलताना आपला खालचा जबडा हलतो. वरचा हलत नाही, कारण तो कवटीला पक्का असतो. लांबून बघणाऱ्याला बोलणं ऐकू येत नाही, नुसती हनुवटी हलताना दिसते. म्हणून हा शब्द गमतीचा वाटतो.

म्हैस रवंथ करते तेव्हा तिची पण हनुवटी हलते. पण त्याला चिनवॅग म्हणत नाहीत. चिनवॅगला दोन माणसं तरी लागतात. एकाने सांगायचं, दुसऱ्याने ऐकायचं, मग दुसऱ्याने सांगायचं.

हा शब्द इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकापासून बोलण्यात आहे. आजही तिकडची माणसं चहा पिताना 'लेट्स हॅव अ चिनवॅग' असं म्हणतात. म्हणजे 'चला, जरा गप्पा मारू'. हा शब्द मित्राला, शेजाऱ्याला, घरातल्या माणसाला म्हणायचा. परीक्षेच्या पेपरात किंवा मुख्याध्यापकांच्या अर्जात लिहायचा नाही. तिथे टॉक किंवा कॉन्व्हर्सेशन लिहावे.

गप्पांसाठी इंग्रजीत आणखी शब्द आहेत. चॅट हा शब्द चॅटर या शब्दापासून झाला. चॅटर म्हणजे पाखरांचा किलबिलाट किंवा माणसांची बडबड. थंडीत दात कडकड वाजतात त्याला पण चॅटरच म्हणतात. दुसरा शब्द गॉसिप. त्याचा जुना अर्थ फार चांगला होता. ख्रिस्ती लोकांत बाळाच्या बाप्तिस्म्याच्या वेळी जे मानलेले आईबाप होतात, त्यांना तो शब्द होता. म्हणजे ते एक नातं होतं. पुढे बाळंतपणाला जमणाऱ्या मैत्रिणींना गॉसिप म्हणू लागले. मग त्यांच्या बोलण्यालाच गॉसिप म्हणू लागले, आणि आता त्याचा अर्थ दुसऱ्याच्या मागे केलेली कुचाळकी असा झाला. मैत्रिणी बोलत बसल्या एवढंच झालं होतं, पण शब्द मात्र वाईट झाला. चिनवॅग तसा नाही. त्यात कुणाची चहाडी करावी लागत नाही.

आपल्याकडचा एक शब्द पण इंग्रजांनी नेला. गप हा शब्द फारसीतून इकडे आला. हिंदुस्थानात राहणारे इंग्रज तो वापरू लागले. १८८६ साली हॉब्सन-जॉब्सन नावाचा कोश निघाला. त्यात इंग्रज लोक वापरत असलेले हिंदुस्थानी शब्द आहेत. त्यात गप आहे. मराठीत तर गंमतच आहे. 'गप्प' म्हणजे बोलायचं नाही आणि 'गप्पा' म्हणजे खूप बोलायचं. नुसत्या एका कान्याचा फरक. कोकणात मालवणकडे गप्पांना गजाली म्हणतात.

आता चिनवॅग कशाला म्हणत नाहीत ते सांगतो. आमच्या गावातली पुष्कळ माणसं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात. माझे आई-बाबा पण जातात. मी आज्जीपाशी राहतो. रात्री आईचा फोन येतो. जेवलास का? शाळेत गेलतास का? आज्जीला त्रास देत नाहीस ना? बरं, ठेवते. याला चिनवॅग म्हणत नाहीत, ही हजेरी आहे. हजेरीला 'हो' एवढंच उत्तर असतं. पण एकदा आईने सांगितलं, फडात सशाची पिल्लं सापडली, ती बाबांनी बांधावर नेऊन ठेवली. मी विचारलं, किती होती? डोळे उघडले होते का? मग मी आमच्या शेळीचं सांगितलं. आज्जीने पण मध्येच फोन ओढला. त्या दिवशी कामाचं कुणीच काही बोललं नाही. ती चिनवॅग होती.

म्हणजे कामासाठी बोलतात ते बोलणं, आणि माणसासाठी बोलतात ती चिनवॅग. मोठी माणसं म्हणतात की गप्पांनी पोट भरत नाही. ते खरं आहे. पण जेवणानेही सगळं भरत नाही, असं आज्जी म्हणते.

शब्दाचा वाक्यात उपयोग :

(१) आज्जी आणि शेजारची काकू दळण निवडताना चिनवॅग करतात.

(२) तास चालू असताना चिनवॅग केली तर बाई ओरडतात.

(३) पालकांनो, घरी जाताना वाटेत मुलांशी चिनवॅग करा. मार्क नंतर विचारा.

(४) आई, रविवारी फोन केलास की आधी चिनवॅग कर, मग हजेरी घे.

– इयत्ता ४ थी