निपाणीचा वकील न्यायाधीश कसा होतो?

निपाणीच्या कोर्टात वाटणीचे आणि चेक बाउन्सचे खटले चालवणाऱ्या वकिलाला न्यायाधीश व्हायचं तर पहिली पायरी दिवाणी न्यायाधीशाची. कर्नाटक उच्च न्यायालय पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा आणि तोंडी परीक्षा घेतं. मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली. बरंच झालं, उलटतपासणी पुस्तकातून येत नाही.

मराठी शाळेतून आलेला उमेदवार अडतो तो भाषांतराच्या पेपरात. साक्षी, दस्तऐवज, निकाल इंग्रजीतून कन्नडात आणि कन्नडातून इंग्रजीत करायचे असतात. बाजारात घासाघीस करण्यापुरतं कन्नड तिथे तोकडं पडतं.

सात वर्षं वकिली झाली की परीक्षा देऊन थेट जिल्हा न्यायाधीशही होता येतं. उच्च न्यायालयासाठी मात्र दहा वर्षांची वकिली लागते आणि अर्ज करायची सोयच नाही. नाव ज्येष्ठ न्यायाधीशांचं कॉलेजियम सुचवतं.

कॉलेजियम नव्हतं त्या काळी वकिलीतून थेट उच्च न्यायालयात गेलेले ई. एस. वेंकटरामय्या बेळगावच्या राजा लखमगौडा लॉ कॉलेजचे विद्यार्थी. १९४६ मध्ये वकिली सुरू, १९७० मध्ये उच्च न्यायालयात, १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात. १९८९ मध्ये ते सरन्यायाधीश झाले, तेही जेमतेम सहा महिने.